जुना ‘फिअर’ नव्या संगणकावर हळूहळू मंदावतो: कारण काय असावे?

अंधेरी पूर्व

नमस्कार मंडळी. नुकताच नवा डेस्कटॉप जुळवून घेतला आहे. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर५ रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ आणि १४४ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर असा संच आहे. अलीकडचे खेळ त्यावर उत्तम चालतात. परंतु ज्या खेळाची मला सर्वाधिक उत्सुकता होती, तो २००५ सालचा ‘फिअर’ विचित्र वागतो आहे.

खेळ सुरू केल्यावर फ्रेम-दर, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या, १४४ वर स्थिर असतो. पंधरा-वीस मिनिटांनी तो नव्वदीत येतो, पुढे चाळिशीत, आणि तासाभराने गोळीबाराच्या प्रसंगात वीसच्याही खाली जातो. रिझोल्यूशन ८०० बाय ६०० इतके उतरवून पाहिले, सॉफ्ट शॅडोज (मऊ कडांच्या सावल्या) बंद केल्या, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाकला. कशानेही फरक पडला नाही. हाच खेळ माझ्या जुन्या पेंटियम ४ आणि जीफोर्स ६६०० जीटीच्या संगणकावर, बेताच्या सेटिंगवर का होईना, पण तासन्‌तास एकाच वेगाने चालत असे. लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या दुकानातून सुटे भाग घेतले, तिथे आणखी १६ जीबी रॅम टाकण्याचा सल्ला मिळाला. पैसे खर्च करण्यापूर्वी इथल्या जाणकारांचे मत घ्यावे, असे वाटले.

लालबाग

खेळ ज्या फाइलने सुरू होतो त्या ईएक्सई फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटी या भागात जावे, तेथे विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवडावा आणि ‘डिसेबल फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन्स’ या चौकटीत खूण करावी. माझे बरेच जुने खेळ एवढ्यावर सुरळीत झाले आहेत.

चर्चगेट स्लो

तुमच्या वर्णनावरून मला उष्णतेची शंका येते. सुरुवातीला ठीक आणि नंतर हळूहळू मंद, हे प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड तापल्याचे ठरीव लक्षण आहे; ठरावीक मर्यादेपलीकडे तापमान गेले की चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवते. मुंबईत मे महिन्यात वातानुकूलनाविना खोली पस्तीस अंशांपर्यंत सहज जाते, आणि त्यात अनेकांचा कॅबिनेट टेबलाखालच्या बंद कप्प्यात असतो. एचडब्ल्यूइन्फोसारखा प्रोग्राम चालू ठेवून खेळताना तापमानाची नोंद घ्यावी. ७६०० ची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे.

खटपट्या

रॅम घेऊ नका, हे आधी सांगतो. ‘फिअर’ हा ३२ बिटचा प्रोग्राम आहे, आणि असा प्रोग्राम विंडोजकडून सामान्यतः २ जीबीच स्मृती वापरू शकतो. विशेष सोय केली तरी ६४ बिटच्या विंडोजवर त्याची धाव ४ जीबीपर्यंतच. तुमच्याकडे १६ जीबी असताना ३२ केल्याने या खेळाला त्याचा पत्ताही लागणार नाही. १६ जीबीची एकच पट्टी असेल, तर दुसरी लावल्याने ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जाण्याचा, लाभ नव्या खेळांना मिळेल, हे खरे. पण तो निराळा विषय आहे.

लालबाग यांनी सांगितलेला उपाय करून पाहण्यात तोटा नाही. मात्र तो उपाय खेळ सुरूच होत नसेल किंवा पहिल्या मिनिटापासून अडखळत असेल तेव्हा उपयोगी पडतो. कम्पॅटिबिलिटी मोड विंडोजची आवृत्ती जुनी असल्याचे प्रोग्रामला भासवतो आणि काही जुन्या वर्तनांची नक्कल करतो. वीस मिनिटे उत्तम चाललेला खेळ एकविसाव्या मिनिटाला त्याअभावी मंदावेल, याला मला तरी कारण दिसत नाही.

माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य ८०० बाय ६०० चे आहे. रिझोल्यूशन उतरवल्यावर ग्राफिक्स कार्डाचे काम कित्येक पटींनी घटते. तरीही वेग तसाच राहत असेल, तर अडथळा ग्राफिक्स कार्डात नाही, प्रोसेसरच्या बाजूला आहे. आता तुम्ही म्हणाल की टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर आठ-नऊ टक्केच वापरात दिसतो. तो तसाच दिसणार. ७६०० मध्ये सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे प्रवाह) आहेत. २००५ च्या सुमाराचे खेळ आपले मुख्य काम एकाच थ्रेडवर करत, आणि एक थ्रेड पूर्णपणे व्यापला तरी एकूण आकडा बाराव्या हिश्श्याच्या, म्हणजे साधारण आठ टक्क्यांच्या पुढे जात नाही. बारा खिडक्यांच्या तिकीटघरात एकाच खिडकीसमोर स्टेशनबाहेरपर्यंत रांग लागलेली असावी आणि उरलेल्या अकरा खिडक्यांवरचे कर्मचारी मोकळे बसलेले असावेत, तसा हा प्रकार आहे. शिवाय विंडोज तो एक थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहत असल्यामुळे प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख पाहिला तरी एकही शंभर टक्क्यांवर दिसेलच असे नाही. अशा वेळी ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. फ्रेम-दर कमी आणि कार्डही अर्धे रिकामे, असे चित्र असेल तर अडथळा त्या एका थ्रेडमध्ये आहे, असे समजावे.

राहता राहिला उष्णतेचा मुद्दा. चर्चगेट स्लो यांची शंका रास्त आहे, कारण हळूहळू मंदावण्याची कारणे मोजकीच असतात: उष्णता, स्मृतीची गळती (प्रोग्रामने घेतलेली स्मृती परत न करणे), किंवा खेळ चालू असताना साचत जाणारे एखादे काम. यांतला फरक ओळखण्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. खेळ पुरता मंदावला की त्यातून पूर्ण बाहेर पडा, आणि संगणक बंद न करता लगेच पुन्हा सुरू करून तीच सेव्ह उघडा. उष्णता कारण असेल तर अर्ध्या मिनिटात ती ओसरत नाही, त्यामुळे खेळ थोड्याच वेळात पुन्हा मंद होईल. पण तो पुन्हा १४४ वर आला आणि आधीइतकाच वेळ टिकला, तर दोष खेळाच्या चालू प्रोसेसमध्ये साचणाऱ्या कशात तरी आहे. हे करून पाहा, आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्डाचा वापर, तापमान आणि टास्क मॅनेजरमधील खेळाच्या नावापुढचा स्मृतीचा आकडा या तिन्हींची नोंद द्या. संगणकाला यूएसबीने काय काय जोडलेले आहे, हेही सविस्तर सांगा.

टोकदार

यूएसबीचा काय संबंध?

अंधेरी पूर्व

खटपट्या, आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. खेळ मंदावल्यावर बाहेर पडून लगेच पुन्हा सुरू केला, तर फ्रेम-दर तत्काळ १४४ झाला आणि पुढचा घसरणीचा क्रमही पूर्वीसारखाच राहिला. प्रोसेसरचे तापमान पूर्ण वेळ साठीच्या घरात होते, ग्राफिक्स कार्डाचे त्याहूनही कमी. कार्डाचा वापर सुरुवातीपेक्षा मंदावल्यावर उलट घटला. स्मृतीचा आकडा जवळजवळ स्थिर होता. चर्चगेट स्लो, कॅबिनेट टेबलावर उघड्या जागी आहे आणि पंखे नवे आहेत, तेव्हा उष्णतेचे कारण आता बाजूला ठेवता येईल असे वाटते.

यूएसबीला दिव्यांचा मेकॅनिकल कीबोर्ड, बाजूला बरीच जादा बटणे असलेला गेमिंग माउस, वायरलेस हेडसेटचा रिसीव्हर आणि एका गेमपॅडचा रिसीव्हर जोडलेला आहे. जुन्या संगणकाला पीएस/२ चा साधा कीबोर्ड आणि माउस होता.

खटपट्या

मग बहुधा उकल झाली. टोकदार यांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपल्याला एक दिसणारा माउस विंडोजच्या लेखी एक नसतो. जादा बटणांचा गेमिंग माउस स्वतःची ओळख एकाच वेळी माउस, कीबोर्ड, आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणांचे ‘कन्झ्युमर कंट्रोल’ उपकरण आणि निर्मात्याच्या सॉफ्टवेअरसाठीचे एखाददोन वेगळे उपकरण, अशी अनेक रूपांत करून देतो. दिव्यांचा कीबोर्ड तेच करतो, हेडसेटचा रिसीव्हरही आवाजाच्या बटणांसाठी तेच करतो. या सर्वांना मिळून एचआयडी, म्हणजे ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस, असे म्हणतात. डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या नावाचा भाग पाहिलात, तर तुमच्या चार वस्तूंच्या डझनभर नोंदी आढळतील.

‘फिअर’ कीबोर्ड आणि माउस वाचण्यासाठी विंडोजची डायरेक्टइनपुट ही सोय वापरतो. खेळ चालू असताना तो एचआयडी उपकरणांची जुळवणी एकदाच करून थांबत नाही, ती पुन्हा पुन्हा करत राहतो, आणि प्रत्येक वेळचे ओझे मागे उरते. २००५ मध्ये घरोघरी साधा माउस आणि साधा कीबोर्ड असल्याने हे ओझे जाणवण्याइतके वाढत नसे. आज चार उपकरणांच्या डझनभर नोंदी असल्यामुळे ते भराभर साचते, आणि ज्या एका थ्रेडवर सारा खेळ चाललेला आहे त्याचा वेळ त्यातच जातो. खेळ बंद केला की प्रोसेस संपते, तिच्यासोबत साचलेले सगळे नाहीसे होते, आणि म्हणून पुन्हा सुरू केल्यावर सर्व काही ठीक दिसते. हा या खेळाचा जुना, सुपरिचित विकार आहे. फक्त तो ग्राफिक्सच्या दोषासारखा दिसत असल्यामुळे लोक ड्रायव्हर आणि सेटिंगमध्ये अडकून राहतात.

खात्री करण्यासाठी हेडसेट आणि गेमपॅडचे रिसीव्हर काढा, घरात असेल तो साधा दोन बटणांचा माउस लावा आणि नेहमीइतका वेळ खेळून पाहा. कीबोर्ड बदलता येत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘एचआयडी-कम्प्लायंट कन्झ्युमर कंट्रोल डिव्हाइस’ नावाच्या नोंदी तेवढ्यापुरत्या डिसेबल करा. त्याने कीबोर्डवरची आवाजाची बटणे बंद पडतील, टंकनाला बाधा येणार नाही. ज्या नोंदीच्या नावात कीबोर्ड किंवा माउस हा शब्द आहे, तिला मात्र हात लावू नका. नाहीतर ती पुन्हा सुरू करायलाही काही हाताशी उरणार नाही.

टोकदार

माउसमुळे फ्रेम-दर घसरतो, हे पहिल्यांदाच ऐकतो आहे. पोलिंग रेट, म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा आपली जागा कळवतो तो आकडा, १००० हर्ट्झवरून १२५ वर आणला तर हेच साधणार नाही का? काही जुन्या खेळांत तो उपाय लागू पडल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

खटपट्या

लागू पडतो, पण निराळ्या विकारावर. माउस सेकंदाला हजार वेळा आपली जागा कळवत असेल आणि खेळ प्रत्येक संदेश वेगळा हाताळत असेल, तर माउस हलवताना खेळ अडखळतो आणि हात स्थिर ठेवताच सुरळीत होतो. अंधेरी पूर्व यांचा खेळ माउस हलो न हलो, वेळेनुसार मंदावतो आहे. त्यांनी पोलिंग रेट उतरवून पाहायला हरकत नाही, परंतु मला त्यातून फारशी आशा नाही.

अंधेरी पूर्व

साध्या माउसने आणि दोन्ही रिसीव्हर काढून काल रात्री जेवणानंतर खेळायला बसलो, तो थेट झोपेची वेळ उलटून गेल्यावर उठलो. फ्रेम-दर शेवटपर्यंत १३० च्या खाली आला नाही. टोकदार यांच्या समाधानासाठी नंतर गेमिंग माउस पुन्हा जोडून त्याचा पोलिंग रेट १२५ वर ठेवला. घसरण पूर्वीसारखीच झाली.

आता प्रश्न असा की दर वेळी खेळण्यापूर्वी अर्ध्या वस्तू काढून ठेवायच्या, की यावर कायमचा उपाय आहे?

खटपट्या

आहे. या खेळासाठी ‘डायरेक्टइनपुट एफपीएस फिक्स’ नावाची एक लहानशी फाइल चाहत्यांनी तयार केलेली आहे. ती डीइनपुट८ या नावाची डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या आज्ञांची जोडफाइल) असून खेळाच्या ईएक्सईशेजारी ठेवायची असते. एखादी डीएलएल लागली की विंडोज सामान्यतः आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोध घेते आणि मग सिस्टिमच्या फोल्डरकडे वळते. त्यामुळे खेळाला विंडोजच्या मूळ फाइलऐवजी ही फाइल मिळते, आणि ती पुन्हा पुन्हा होणारी जुळवणी अडवून बाकीचे काम मूळ फाइलकडे सोपवते. नको झाल्यास फाइल पुसून टाकली की सर्व पूर्ववत. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये मात्र ती कदापि टाकू नका. ‘इकोपॅच’ नावाचे अलीकडचे मोठे दुरुस्तीपत्रकही उपलब्ध आहे. त्यात हा उपाय अंतर्भूत आहे, आणि ६० च्या वर फ्रेम-दर गेल्यावर या खेळात हालचालींच्या गणितात होणाऱ्या गडबडीही त्यात सावरल्या आहेत. दोन्ही एकदम वापरण्याचे प्रयोजन नाही. तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असल्यामुळे मी इकोपॅच निवडला असता. निव्वळ पहिली फाइल वापरणार असाल, तर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमधून या खेळापुरती ६० फ्रेमची मर्यादा घालावी.

आणि सॉफ्ट शॅडोज पुन्हा चालू करायच्या असतील, तर खेळातले अँटीअलायझिंग (चित्रातल्या दातेरी कडा गुळगुळीत करणे) बंद ठेवा. या दोन्ही गोष्टी या खेळात एकत्र नांदत नाहीत.

मुलुंडची रहिवासी

धागा वाचून माझीही अडचण मांडते. माझ्या मुलाने त्याच्या लॅपटॉपवर माझ्यासाठी १९९९ सालचा मूळ ‘एज ऑफ एम्पायर्स २’ टाकून दिला आहे. लॅपटॉप चांगला महागाचा आहे, तरी नकाशा सरकवताना खेळ रखडतो आणि कधीकधी रंगही विचित्र दिसतात. आमच्याकडे हा पहिल्यापासून मंद आहे, हळूहळू होत नाही. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असून जुने खेळ कमजोर चिपवर चालतात, असे मुलाचे म्हणणे आहे.

चर्चगेट स्लो

ताई, मुलाचे म्हणणे एरवी अगदी योग्य आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि ग्राफिक्स या वाटेने जाऊन खेळाची ईएक्सई यादीत घालावी आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे, म्हणजे खेळ मोठ्या चिपवर चालतो. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, हेही पाहावे. २००७-०८ नंतरच्या खेळांसाठी मी पहिला उपाय हाच सांगेन. पण १९९९ च्या खेळाला लॅपटॉपमधली कमजोर चिपसुद्धा गरजेपेक्षा कितीतरी अधिक आहे, त्यामुळे आपल्या अडचणीचे मूळ तिथे नसावे.

तो खेळ चित्र काढण्यासाठी विंडोजची डायरेक्टड्रॉ ही जुनी सोय वापरतो आणि २५६ रंगांच्या पद्धतीत चालतो. विंडोज ८ पासून ही पद्धत प्रत्यक्षात उरलेली नाही, तिची केवळ नक्कल केली जाते. रंग बिघडणे आणि रखडणे या दोन्हींचा उगम तिथे आहे. ‘सीएनसी-डीड्रॉ’ नावाची सुविधा उतरवून तिची डीड्रॉ डीएलएल खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. ती जुन्या आज्ञांचे आजच्या ग्राफिक्स चिपला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करते. तत्त्व खटपट्या यांनी वर सांगितलेलेच आहे, फाइल तेवढी निराळी. खेळ सुरू होताना विंडोजने डायरेक्टप्ले या जुन्या घटकाची मागणी केली तर ती मान्य करावी. २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन घेतल्यास यातले काहीच करावे लागत नाही, परंतु मूळ खेळाच्या चित्रांची सवय असणाऱ्यांना ती रुचेलच असे नाही.

जुनी सीडी

एक कुतूहल म्हणून विचारतो. विंडोज ७ च्या काळात माझे काही जुने खेळ मागे ब्राउझरमध्ये गाणी चालू असली की अधिक सुरळीत चालत, आणि ब्राउझर बंद केला की अडखळत. मित्र हसत असत. आता विंडोज ११ वर ब्राउझर चालू असो वा नसो, ते खेळ सारखेच अडखळतात.

खटपट्या

हसण्यासारखे त्यात काही नाही, निरीक्षण अचूक आहे. विंडोजचे अंतर्गत घड्याळ मुळात सुमारे १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालते, म्हणजे सेकंदाला ६४ ठोके. एखाद्या खेळाने दोन फ्रेमच्या मध्ये एक मिलिसेकंद थांबण्याची विनंती केली, तर घड्याळ भरड असल्यामुळे त्याला पुढच्या ठोक्यापर्यंत थांबावे लागू शकते. प्रोग्रामला हे घड्याळ एक मिलिसेकंदापर्यंत बारीक करून मागता येते. पूर्वी एका प्रोग्रामने तशी मागणी केली की ती साऱ्या संगणकाला लागू होई, त्यामुळे ब्राउझरने मागितलेल्या बारीक घड्याळाचा लाभ तुमच्या खेळालाही फुकट मिळत होता. २०२० च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून ही मागणी ज्याची त्याच्यापुरतीच धरली जाते, आणि ज्या जुन्या खेळांनी स्वतः ती कधी केलीच नव्हती, ते उघडे पडले. विंडोज ११ मध्ये रजिस्ट्रीतल्या एका नोंदीने पूर्वीचे वर्तन परत आणता येते, परंतु लॅपटॉपवर त्याने बॅटरी अधिक खर्च होते, हे ध्यानात असू द्यावे.

लालबाग

माझ्याकडे इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर आहे, त्यात पी (वेगवान) आणि ई (लहान, वीज वाचवणारे) असे दोन प्रकारचे कोअर आहेत. एक जुना खेळ कधी झकास चालतो, तर कधी त्याच जागी मंद. तो लहान कोअरवर जात असेल का?

खटपट्या

शक्य आहे, आणि तपासणे सोपे आहे. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स भागात खेळाच्या नावावर राइट क्लिक करून ‘सेट अफिनिटी’ निवडावे आणि फक्त पी कोअरच्या खुणा ठेवाव्यात. साधारणपणे यादीतले पहिले क्रमांक त्यांचेच असतात. लगेच फरक दिसला तर तेच कारण. ही निवड खेळ बंद होताच विसरली जाते, त्यामुळे उपयोग झाल्यास ‘स्टार्ट’ आज्ञेत अफिनिटी घालून एक बॅच फाइल (आज्ञा लिहून ठेवलेली, क्लिक करताच चालणारी फाइल) करून ठेवावी.

अंधेरी पूर्व

इकोपॅच टाकला. सर्व उपकरणे जोडलेली असूनही खेळ आता पूर्ण वेळ १४४ वर चालतो, सॉफ्ट शॅडोजसह. रॅमचे पैसे वाचले, ते निराळेच. खटपट्या आणि चर्चगेट स्लो यांचे मनःपूर्वक आभार.

एक शंका उरली आहे. माझ्याकडे प्लॅटिनम आवृत्ती आहे, तिच्यात ‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’ आणि ‘पर्सिअस मँडेट’ हे दोन्ही पुढचे भाग येतात. ‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’ सुरू केला तर त्यात घसरण पूर्वीसारखीच दिसली.

खटपट्या

कारण त्या दोन्ही भागांच्या ईएक्सई वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात, आणि मुख्य फोल्डरमधली डीएलएल त्यांना दिसत नाही. मुख्य फोल्डरच्या आत फिअरएक्सपी आणि फिअरएक्सपी२ असे दोन फोल्डर सापडतील. इकोपॅचच्या फाइली त्या दोन्हींतही ठेवा.

अंधेरी पूर्व

ठेवल्या, आणि ‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’ही सुरळीत झाला. धाग्याच्या शीर्षकापुढे ‘सुटले’ असे लिहिण्याची सोय असल्यास संपादकांनी कृपया तसे करावे.